पाटल्या ठेवून घेतलेलं घर

पैनगंगेच्या एका काठावर आमचं गाव होतं आणि दुसऱ्या काठावर परदेश. हे मी थट्टेनं लिहीत नाही. आमच्या काठावर निजामाचं राज्य होतं, समोरच्या काठावर वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी उरायचं आणि आमच्या म्हशी दिवसातून दोनदा हद्द ओलांडून चरून यायच्या. त्यांना कुणी काही विचारत नसे. माणसानं हद्द ओलांडली की करोडगिरीच्या नाक्यावरचा शिपाई जकातीसाठी गाठोडं उघडायला लावी. पलीकडे नाणं वेगळं, कोर्ट वेगळं, सरकारी कागदाची लिपी वेगळी, सालसुद्धा वेगळं. भाकरी तेवढी दोन्हीकडे ज्वारीची होती आणि शिव्याही समाईक होत्या.

वाशीमच्या एका खासगी शाळेत मला एक वर्षापुरती गणित शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा मी पंचविशीत होतो. साल सांगत नाही, कारण आमच्या हिशेबानं एक निघेल आणि त्यांच्या हिशेबानं दुसरं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती, एवढं पुरे.

माझ्याबरोबर माझी थोरली बहीण आली. तिला मी आक्का म्हणत असे. सतराव्या वर्षी ती विधवा होऊन घरी परतली होती, आणि तिच्या पाटल्या सासरीच राहिल्या होत्या. त्या पाच तोळ्यांच्या पाटल्या परत मिळवायला तिनं दोन वर्षं घेतली. ती कुणाशी भांडली नाही. दर पंधरा दिवसांनी सासरच्या गावी जायची, ओसरीवर बसायची, पाणी प्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. अखेर तिच्या सासऱ्यानं त्या काढून दिल्या, असं म्हणत की, एवढं पाणी आमच्या विहिरीत नाही. पाटल्या आल्या, पण विधवेनं घालायच्या नाहीत असा नियम, म्हणून पेटीत पडल्या. आक्का घरी अभ्यास करून मराठी सातवीपर्यंत आली होती. तिला परीक्षा द्यायची होती आणि पुढे अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंगला जायचं होतं. आमच्या तालुक्यात सगळा कारभार उर्दूत असल्यामुळे ही परीक्षा वाशीमला राहूनच देता येण्यासारखी होती. नोकरी माझी होती, पण काम तिचं होतं.

वाशीमला आम्ही आठवडाभर धर्मशाळेत उतरलो आणि घर शोधू लागलो. पहिला घरमालक अतिशय गोड बोलला. भाडं ठरलं, न्हाणी दाखवून झाली, मग त्यानं विचारलं, कुठले? मी म्हणालो, नदीपलीकडचे. त्याच क्षणी त्याला आठवलं की त्याचा मेहुणा येत्या महिन्यात सहकुटुंब राहायला येणार आहे. दुसऱ्याचा चुलता येणार होता. वाशीममध्ये त्या आठवड्यात इतके पाहुणे येऊ घातले होते की मला गावाची काळजी वाटू लागली.

चौथे घरमालक रावसाहेब. म्हणजे अजून नव्हते. तो किताब सरकारकडून यायचा होता, पण त्या नावानं हाक मारण्याचा सराव गडीमाणसांकडून आधीच करून घेतला होता. ते ऑनररी मॅजिस्ट्रेट होते, म्युनिसिपालिटीचे मेंबर होते आणि खुर्चीनशीन होते. खुर्चीनशीन म्हणजे साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा ज्याला सरकारी परवाना आहे असा माणूस. परवाना काचेत घालून बैठकीत टांगलेला होता आणि त्याच्याखाली एक खुर्ची होती, जिच्यावर कुणीच बसत नसे. रावसाहेब स्वतः गादीवर बसत. खुर्चीनं पाठ दुखते, म्हणाले.

त्यांचं भाड्याचं घर राहत्या घराला लागूनच होतं. तीन खोल्या, वर कवेलू म्हणजे कौलं, मागे न्हाणी. त्यांनी पाहुण्यांचं निमित्त काढलं नाही. सरळ बोलले.

"मास्तर, तुमी भले माणूस दिसता. पण भल्या माणसाचं घर नदीच्या त्या बाजूले असलं तं आमी कोनाकडं पाहावं? उद्या तुमी भाडं बुडवून गेले, तं मी काय निजामाकडं अर्ज करू?"

मी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ अनामत ठेवायची तयारी दाखवली. माझ्याजवळ निजामाचे हाली रुपये होते.

"हाली आमी घेत नाई. तुमच्या रुपयावर चार मिनार हायेत, आमच्या कलदारावर बादशाचं डोकं हाय. आमाले डोकं पाह्यजे."

जामीन इकडचा हवा होता आणि इकडे मला धर्मशाळेच्या झाडूवाल्याशिवाय कुणी ओळखत नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, सोनं असलं तर चालेल, सोन्याला हद्द नसते. घर सोडताना घर जसंच्या तसं असलं की सोनं जसंच्या तसं परत.

आक्का बाहेर ओट्यावर बसून ऐकत होती. परत जाताना ती म्हणाली, "पाटल्या देऊ." मी नाही म्हणालो. दोन वर्षं पाणी पिऊन मिळवलेली वस्तू परक्या मुलखात परक्या माणसाच्या पेटीत ठेवायची, हे मला पटेना.

"घर मिळालं नाही तर तू परत जाशील," आक्का म्हणाली. "मग मलाही यावं लागेल. तिथं पाटल्या घेऊन मी काय करू? शेण काढू?"

मी म्हणालो, ठीक आहे, पण पक्का कागद करू. आमचे वडील गावचा सारा वसूल करणारे माली पाटील होते आणि आमच्या घरात एकच धर्म पाळला जात असे: जे स्टॅम्पावर नाही ते घडलंच नाही. मी शनिवारी गावी गेलो, तालुक्याच्या ठिकाणाहून स्टॅम्पाचा एक उत्तम कागद विकत घेतला, जाड, खडखडीत, वर निजाम सरकारचा मोठा छाप, आणि नाक्यावर शिपायाला दाखवून रुबाबात वाशीमला आणला. त्यावर मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात करार लिहिला. पहिला अर्धा कागद रावसाहेबांच्या पदव्यांनी भरला. ऑनररी मॅजिस्ट्रेट, म्युनिसिपल मेंबर, खुर्चीनशीन, आणि 'रावसाहेब' हे मी होऊ घातलेलं धरून लिहिलं. ही माझी युक्ती होती. रावसाहेबांनी तो अर्धा कागद मोठ्यानं वाचला, मुनीमाला बोलावून पुन्हा वाचला, आणि खालचं काहीही न वाचता इंग्रजीत सही ठोकली. मी परत येताना स्वतःवर इतका खूश होतो की भुईला पाय लागत नव्हते. माणसाच्या दिखाऊपणाला हसणारा माणूस आपल्या दिखाऊपणाला व्यवस्था म्हणतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी त्यालाही स्टॅम्पावर लिहून मागितलं असतं.

आक्काला माझ्या कागदाबद्दल आदर होता, पण भरवसा नव्हता. तिनं आपल्या परीनं दोन गोष्टी केल्या. आमच्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारी मन्यारीण राहत असे, लाखेच्या बांगड्या करणारी. सगळी आळी तिला चाची म्हणायची. आक्कानं पाटल्या वहीच्या कोऱ्या पानावर ठेवून पेन्सिलीनं आतून-बाहेरून रेघ ओढून घेतली, एका पाटलीला पोचा होता तिथं फुली मारली, मग दोन्ही मांजरपाटाच्या तुकड्यात शिवल्या आणि चाचीकडून गाठीवर लाख ओतून घेतली. चाचीनं त्यावर बांगडीवर नक्षी उठवायचा आपला लाकडी ठसा दाबला. वेल आणि मध्ये चांदणी. असं बंद केलेलं पुडकं रावसाहेबांच्या पेटीत गेलं.

दुसरी गोष्ट मला अगदीच फालतू वाटली होती. घरात सामान लावण्याआधी आक्कानं हळदीकुंकू ठेवलं.

आता विधवेला हळदीकुंकू करता येत नाही आणि माझं लग्न झालं नव्हतं. ती रावसाहेबांच्या बाईंकडे गेली आणि म्हणाली की, घर तुमचं आहे, आम्ही परक्या मुलखातले, इथं कुणाला ओळखत नाही. तर तुमच्याच घरात तुमच्याच हातानं आळीतल्या बायकांना कुंकू लागलं तर आम्हाला घर लाभेल. खर्च आमचा. बाई खूश झाल्या. नवऱ्याला सगळं गाव खुर्ची देत होतं, बाईंना कधी कुणी पाटही आपणहून दिला नव्हता. साखर, भिजवलेले हरभरे, पानसुपारी, यात महिन्याच्या सुरुवातीलाच माझ्या खिशाला चांगला खड्डा पडला. मी कुरकुरलो तेव्हा आक्का म्हणाली, वसूल होईल.

पंधरा-सोळा बायका आल्या. चाची ओट्यावर टेकून बसली. मला पुढच्या खोलीत कोपऱ्यात वह्या तपासायला बसवलं होतं आणि मधल्या दाराला धोतराचा पडदा होता. रिकाम्या घरात पंधरा बायका आल्या की काय करतात? घर बघतात. रावसाहेबांच्या बाई यजमानीण, म्हणून त्याच पुढे होऊन खोली खोली दाखवू लागल्या. आणि जिथं घरात उणं आहे तिथं बायकांची नजर आधी जाते. एक अनसिंग गावाकडची होती, ती वर पाहून म्हणाली, अवो बाई, आढं तं तडकलेलं हाय. मधल्या खोलीवरच्या त्या मोठ्या तुळईला हातभर चीर होती.

"माह्या लग्नाच्या आंदीपासून तडकलं हाय," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. "आमच्या माहेरच्या, किन्हीराजाच्या घरचं तं तीन पिढ्या तडकलेलं हाय. सागवान हाय, तुमच्यासारखं बाभूळ नाई."

न्हाणीतली फरशी निसटलेली का, तर त्यांच्या थोरल्यानं लहानपणी उखडली म्हणून. मागची भिंत पोपडे धरलेली का, तर तिकडून गोठ्याची ओल येते म्हणून. कवेलू कुठं कुठं फुटके, तर माकडं. प्रत्येक उण्याला त्यांच्याकडे इतिहास होता आणि तो त्या अभिमानानं सांगत होत्या. हरभऱ्याच्या ओट्या भरून बायका गेल्या. संध्याकाळी आक्का वही घेऊन बसली आणि कोणत्या खोलीत काय, कोण काय बोलली, ते तिनं सगळं लिहून काढलं. मी विचारलं, ही गप्पांची वही कशाला? ती म्हणाली, तुझ्यासारखं अक्षर नाही माझं, सराव करते.

वर्ष गेलं. गणित शिकवलं, पावसाच्या आधी माणूस लावून कवेलू फेरून घेतले, आक्कानं स्वयंपाकघराच्या जमिनीत गावाकडून आणलेलं दगडी उखळ बसवलं. शेजारच्या घरी रावसाहेबांचा किताब आला. त्या दिवशी बँड होता, मांडव होता, आणि ती खुर्ची बाहेर आणून तिला झेंडूची माळ घातली होती. मीही जाऊन पेढा खाल्ला. पेढा चांगला होता.

आक्का पास झाली. चैत्र संपता संपता अमरावतीहून पत्र आलं: ट्रेनिंगमध्ये जागा आहे, पण बोर्डिंगचे सहा महिन्यांचे पैसे येताना आणावेत, आणि अमुक तारखेच्या आत हजर व्हावं. नाहीतर जागा दुसरीला जाईल. त्याच सुमारास शाळेनं मला कळवलं की पुढच्या वर्षी गणिताला माणूस लागणार नाही. म्हणजे आक्कानं अमरावतीला जायचं आणि मी नदीपलीकडे परत. पाटल्या गहाण टाकून तिचे पैसे भरायचे, दुसरी सोय नव्हती. निघायला चार दिवस होते.

मी रावसाहेबांकडे गेलो. ते काठी घेऊन घर बघायला आले. मला वाटलं, चला, सुरुवात झाली. त्यांनी काठी वर केली.

"हे आढं तडकवलं तुमी."

मी म्हणालो, ते आधीपासूनच होतं. त्यांनी काठी कवेलूंकडे नेली, मग भिंतीकडे, मग न्हाणीकडे, मग उखळाकडे. प्रत्येक ठिकाणी एक एक वेळा ठोकली. मग शांतपणे म्हणाले की, दुरुस्तीला खर्च किती येतो ते पाहावं लागेल, तोवर पाटल्या राहू द्या, सगळं झालं की उरलेलं नदीपलीकडे पाठवून देईन. ते बदमाश नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. एखादी वस्तू एकदा त्यांच्या पेटीत गेली की ती तिथलीच आहे असं त्यांना मनापासून वाटू लागत असे. आणि ज्या नदीच्या भीतीनं त्यांनी अनामत घेतली होती, त्याच नदीच्या भरवशावर ते आता ती ठेवून घेत होते. मी एकदा पलीकडे गेलो की परत कोण येतंय.

मग मी माझा कागद काढला. वर्षभर याच क्षणासाठी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. रावसाहेबांनी आपल्या पदव्या पुन्हा एकदा वाचल्या, समाधानानं मान हलवली, आणि कागद उजेडाकडे धरला.

"मास्तर, हा तं निजामाचा छाप हाय."

मी म्हणालो, हो.

"तुमी वाशीमात राहून राह्यले न? मंग निजामाचा स्टॅम्प कायले? उद्या लंकेचा आनसान." त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "जपून ठेवा. तुमच्या तिकडं चालते."

माली पाटलाच्या मुलानं, गणिताच्या मास्तरानं, परमुलखात करार करताना आपल्या मुलखाचा स्टॅम्प आणला होता. वर्षभर मला एकदाही शंका आली नव्हती. स्टॅम्प म्हणजे स्टॅम्प, जसा सूर्य म्हणजे सूर्य. तरीही मी कचेरीसमोरच्या पिंपळाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेलो. त्यानं चष्मा लावला, कागद पाहिला, चष्मा काढला. म्हणाला, इकडे हा कोराच कागद समजायचा. दंड भरून कोर्टात घालता येईल, पण तारखा पडतील. तुम्ही दर तारखेला नदी ओलांडून याल, वर्ष-दोन वर्षांत निकाल लागेल. आक्काची जागा चार दिवस थांबणार होती.

घरी येऊन मी आक्काला सगळं सांगितलं. फजितीचा भागही वगळला नाही, कारण रावसाहेबांचा आवाज भिंतीपलीकडून तिला ऐकू गेलाच असणार. ती तांदूळ निवडत होती. तिनं निवडून संपवले, सूप बाजूला ठेवलं.

"तुझं झालं ना सगळं करून?" तिनं विचारलं. "मग आता साखर आण."

दुसऱ्या दिवशी ती रावसाहेबांच्या बाईंकडे गेली. घर देताना तुमच्या हातानं दिलंत, आता घेतानाही तुमच्याच हातानं घ्या. ज्या बायका तेव्हा होत्या त्याच बोलवू, तुमच्याच हातानं कुंकू लावा. बाईंना नाही म्हणायला काही कारण नव्हतं. नवरा माझ्याशी काय बोलला ते त्यांच्या कानावर नव्हतं, किंवा होतं आणि त्यांनी ते पुरुषांचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या. एक माहेरी गेली होती, एक बाळंत होती, बाकी सगळ्या हजर. चाची ओट्यावरून आज आत येऊन बसली. मी पुन्हा त्याच कोपऱ्यात, पण या वेळी वह्या नव्हत्या. सामान बांधलेलं होतं, घर पहिल्या दिवसासारखं रिकामं. कुंकू लावून झालं आणि आक्का वही घेऊन उभी राहिली.

"बाई, मागच्या ज्येष्ठात तुम्ही सगळ्यांना घर दाखवलं. तेव्हा मी नवीन, विसरू नये म्हणून तुमचं बोलणं लिहून ठेवलं होतं. वाचते. कुठं चुकलं असेल तर सांगा."

तिनं वाचायला सुरुवात केली. मधल्या खोलीत आढ्याला हातभर चीर, बाई म्हणाल्या की त्यांच्या लग्नाच्या आधीपासून. बायकांनी माना वर केल्या. एकीनं म्हटलं, हातभरच हाय. दुसरी स्टुलावर चढून वितीनं मोजायला लागली. न्हाणीची फरशी, थोरल्यानं उखडलेली. गोठ्याच्या बाजूची भिंत. बायका खोली खोली जाऊन बघून येऊ लागल्या आणि तिथूनच ओरडून सांगू लागल्या की हो, तसंच आहे, पोपडे आहेत पण वाढलेले नाहीत. वाचन म्हणजे खेळच झाला. कवेलूंच्या वेळी चाची म्हणाली की पाऊस पडायच्या आधी फेरून घेतले, फेरणारा माझ्या ओट्यावर चहा प्यायला, आधीपेक्षा चांगले आहेत.

रावसाहेब एव्हाना बाहेर येऊन उभे होते. आत येणं त्यांना शोभणारं नव्हतं. बाहेरूनच खाकरून त्यांनी विचारलं की, हे बायांचं काय चाललं आहे, आढ्याचं मी मास्तरांशी बोललो आहे.

"आढ्याचं तुमाले काय मालूम?" बाई आतून म्हणाल्या. "घर म्या दाखवलं होतं. म्या साऱ्याईच्या देखत सांगतलं होतं का जुनं हाय. आता म्या काय खोटी पडू?"

बाहेर खाकरणं थांबलं.

मग आक्कानं वही मिटली आणि सरळ विचारलं, "बाई, घरात काही बिघडलं असलं तर सांगा. नसलं तर माझ्या पाटल्या द्या. परवा मला अमरावतीला पोचायचं आहे."

सगळ्या बायका बाईंकडे बघत होत्या. बाईंनी घरभर एकदा नजर फिरवली. काहीतरी सापडायला हवं होतं, नुसतंच सगळं बरं आहे म्हणणं घरमालकिणीला जड जातं. सापडलं. "उखळ," त्या म्हणाल्या. "जमीन खनली तुमी." आक्का म्हणाली, खणली खरी, उखळ तुम्हालाच ठेवून जाते. बाईंनी मान हलवली. कमरेची किल्ली चाचपली आणि त्या स्वतःच गेल्या.

त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा पुडकं पदराखाली होतं. त्यांनी ते आक्काच्या हातात न देता चाचीसमोर ठेवलं, कदाचित वाटेत आधी चाचीच बसली होती म्हणून. चाचीनं ते उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"ये लाख माझी नाई," ती म्हणाली. "माझी काळी असते. ये तो कचेरीची लाल लाख है. और वेल कुठं? चांदणी कुठं?"

गाठीवर लाल लाखेचा गोळा होता आणि त्यावर अंगठीचा ठसा. मला किताबाच्या दिवसाचा मांडव आठवला. बाई त्या दिवशी कुणाकुणाला पान देत हिंडत होत्या, बांगड्यांच्या पुढे काहीतरी चकाकत होतं. मी तेव्हा पेढ्याकडे पाहत होतो.

बाईंचं तोंड कानापर्यंत लाल झालं होतं. आक्कानं पुडकं घेतलं, दातानं शिवण तोडली, वहीचं ते पान उघडलं आणि दोन्ही पाटल्या पेन्सिलीच्या वर्तुळांवर ठेवल्या. बरोबर बसल्या. पोचा फुलीवर आला. मग तिनं वर पाहिलं.

"बरं झालं," ती बाईंना म्हणाली. "वर्षभर नुसत्याच पडून राहिल्या नाहीत. मला तर घालता येत नव्हत्या."

बाई खाली बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी ओटीतले हरभरे काढून एक एक खायला सुरुवात केली, आणि मग सगळ्याच बायका खाऊ लागल्या. बोलणं कुणाच्या तरी सुनेवर गेलं. बाहेर पाहिलं तर रावसाहेब ओट्यावर नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळी आक्का अकोल्याच्या मोटारीत बसली. पाटल्या तिनं पोलक्याच्या आत शिवून घेतल्या होत्या आणि त्यावर पदर घट्ट खोचला होता. चाचीनं तिच्या हातात काळ्या लाखेच्या दोन बांगड्या कोंबल्या आणि सांगितलं की, मास्तरीण झाली की घाल, मास्तरणीला कोण विचारतं. आक्कानं मोटार हलायच्या आधीच त्या घातल्या.

मी नदीकडे निघालो. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं नेहमीप्रमाणे गाठोडं सोडायला लावलं. पुस्तकं उलटीपालटी केली, आणि मग त्याच्या हातात माझा स्टॅम्पाचा कागद आला. त्यानं वरचा छाप पाहिला, रावसाहेबांच्या सगळ्या पदव्या ओठ हलवत वाचल्या, आणि अतिशय अदबीनं कागद पुन्हा घडी करून माझ्या हातात दिला. "मोठ्या माणसाचा कागद दिसतो," म्हणाला. बाकीचं सामान न बघताच त्यानं मला सोडलं. तेवढा तो कागद कामाला आला.

पंधरा दिवसांनी आक्काचं कार्ड आलं. पोचले, पैसे भरले, जागा मिळाली, बोर्डिंगच्या वरणात मीठ जास्त असतं. एकच पाटली गहाण ठेवावी लागली, दुसरी जवळ आहे. सोनारासमोर वहीत पुन्हा रेघ ओढून घेतली आणि त्याच्या बायकोला दाखवून ठेवली. खाली जागा उरली नव्हती म्हणून तिनं कडेला आडवं लिहिलं होतं: पावतीही घेतली आहे. काळजी करू नको, स्टॅम्प इकडचा आहे.